मिरवणुकीच्या चालीची घोडी

आमच्या घराण्याबद्दल माझ्या नवऱ्याचं एक ठाम मत आहे, की आपण तंजावुरात घोड्यावरून आलो. त्यांचं बोलणं ऐकून वाटावं, परवाच आलो आणि घोड्याचा घाम अजून वाळायचाय. मला विचाराल तर ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कारकून, मास्तर आणि शिरस्तेदार निपजले, त्याचा मूळ पुरुष बैलगाडीतून, दप्तर मांडीवर घेऊन, कंबर धरून कण्हत आला असणार. पण हे मी बोलले की ते म्हणतात, "तुला इतिहास कळत नाही." मी शाळेत हिंदी शिकवते. तमिळनाडूत राहून जी बाई जन्मभर पोरांना हिंदी शिकवते, तिला आणखी काय काय कळायला हवं ते त्यांनीच सांगावं.

या मतापायीच आमच्या एकुलत्या मुलीने घोडी मागितली तेव्हा त्यांनी एका शब्दाने 'का' विचारलं नाही. तिला स्कूटर हवी होती तेव्हा महिनाभर चर्चा चालली होती, रस्त्यावरचे अपघात, हेल्मेट, पाऊस. घोडीला मात्र लगेच 'सरी', म्हणजे ठीक आहे. मुलगी कॉलेजात असताना एन.सी.सी.त घोड्यावर बसायला शिकली आणि तिथून तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. एक रायडिंग स्कूल बंद पडत होतं, तिथून ही तांबडी घोडी आली. ती एकटी राहिना, रात्रंदिवस खिंकाळायची, म्हणून तिला सोबत म्हणून तिथलाच एक म्हातारा घोडाही आला. आम्ही राहतो राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओसरीवर चढावं लागतं. त्यामुळे घोडे ठेवले तिरुवैयारुच्या रस्त्यावर, नवऱ्याच्या चुलत भावाच्या नारळीच्या बागेत.

मग आमच्या लोकांना वास लागला. तंजावुरातल्या मराठी घरांमध्ये लग्न निघालं की आधी जानवसा, मग स्वयंपाकी, आणि मग माझा नवरा. "नवरदेव घोड्यावरून आला पाहिजे हो, आपण काही इतरांसारखे कारमधून येणारे नाही." झालं! हे शब्द ऐकले की माझा नवरा लोण्यासारखा वितळतो. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि कुणाकडून काही घेतलंही नाही. आपल्या माणसांकडून घोडीचं भाडं घ्यायचं? छे छे! वर मला सांगायचे, "अगं, परंपरा राखायची तर कुणीतरी झिजायला नको का?" झिजत होती घोडी. हे नुसते रेशमी वेष्टी नेसून पुढच्या पंगतीत बसत होते.

आणि गंमत बघा, जी माणसं घोडी मागायला यायची तीच आमच्या मुलीबद्दल मला बाजूला घेऊन सांगायची, "मुलीच्या जातीला घोड्यावर बसणं शोभत नाही, अक्का. उद्या लग्नाचं बघाल तर अडचण होईल." म्हणजे घोडीवर बसायचं ते फक्त ज्याला बसता येत नाही त्याने, तेही जन्मात एकदा, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून. मला असा संताप यायचा! पण मी कॉफी करून द्यायची. आमच्याकडे संताप आला की कॉफीच करतात.

मुलीला हवं होतं ते वेगळंच. घोड्याने स्वाराच्या नुसत्या मांडीच्या दाबावर चालायचं, दुडकायचं, वळायचं, थांबायचं, आणि हे सगळं सहज करतोय असं दिसायचं, त्याच्या स्पर्धा असतात. मुलगी रोज पहाटे बागेत जाऊन घोडीकडून हे करून घ्यायची. मी कधी शाळेआधी डबा द्यायला गेले की बघत उभी राहायची. नारळांच्या रांगांमधून ती तांबडी घोडी दुडकत यायची, वळायची, पुन्हा जायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बघायला सुंदर होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

कोइमतूरकडे लष्करातून निवृत्त झालेले एक शिक्षक आहेत, स्वतःचा तबेला असलेले. मुलगी त्यांना सर म्हणायची, म्हणून आम्हीही सर म्हणायला लागलो. ते फार थोडी मुलं घेतात. पापनाशमच्या पुढे एका राईस मिलवाल्याला घोड्यांचा शौक आहे, त्याचे घोडे बघायला ते येणार होते, आणि मुलीने फोनवर फोन करून त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की त्याच सकाळी तिथल्या मैदानावर ते आमच्या घोडीचा आणि मुलीचा सराव बघतील. पसंत पडलं तर दोघींना घेऊन जातील. नाही पडलं तर मुलीला चेन्नईत कंपनीची नोकरी लागलेलीच होती.

"नाही म्हणाले तर मी निमूट नोकरीला जाईन," ती आम्हाला म्हणाली. "पुन्हा घोड्याचं नाव काढणार नाही. पण हो म्हणाले तर तुम्ही दोघांनी मला अडवायचं नाही."

तिचे वडील म्हणाले, "कंडिप्पा! नक्की!" खरं सांगायचं तर मला ती कुठेच जायला नको होती, चेन्नईलाही नको आणि कोइमतूरलाही नको. पण आई असं बोलली की तिला जुनाट म्हणतात, म्हणून मी गप्प राहिले आणि देवापुढे मात्र तिला हवं ते होऊ दे असंच म्हटलं. ते म्हणताना दात-ओठ खात होते, ही गोष्ट वेगळी.

घोडी न्यायचा आमचा ट्रेलर म्हणजे भाताची पोती वाहणारा जुना ट्रेलर, वर छप्पर, मागे उतरती फळी, आतून कडेला जाड गोणपाट. पापनाशमच्याच वेल्डरने तो तसा करून दिला होता. जायच्या सकाळी मुलगी उजाडायच्या आधीपासून बागेत. घोडीला खरारा झाला, पायांना पट्ट्या बांधून झाल्या. तेवढ्यात तिचे वडील आले ते हातात लिंबं, कापूर आणि मोगरा-कनकांबराचा जाडजूड हार घेऊन.

"अप्पा, हे काय?"

"शुभ कामाला निघतोय ना? राहूकाळ लागायच्या आत निघू."

"अप्पा, ही वरात नाही."

"तुला काय कळतंय," म्हणून त्यांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर ओवाळला आणि घोडीच्या गळ्यात हार घातला. घोडीने मान अशी काही ताठ केली की बघत राहावं. मुलीने हार काढला, फांदीला अडकवला आणि घोडीला ट्रेलरकडे नेलं. ती टकटक फळीवर चढून आत जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्याला मात्र मागून ढकलावं लागलं. मला वाटलं, वा, काय गुणाची घोडी! आपण होऊन परीक्षेला निघाली.

थै, म्हणजे पौष-माघाचा महिना सरत आला होता. कापणी झालेली, रस्त्यावर लोकांनी भात वाळत घातलेलं, त्यामुळे अर्धा रस्ता भाताला आणि अर्धा बसला. हे पिकअप चालवत होते, मुलगी मध्ये, मी कडेला. ती सारखी ओठ चावत होती. मी तिच्या हातात इडलीचा डबा दिला, तिने न उघडताच मांडीवर ठेवला. अय्यमपेट्टैच्या अलीकडे एक लग्नाचा हॉल लागतो. मुहूर्ताचा दिवस होता, बाहेर केळीचे खांब, आणि लाउडस्पीकरवर नादस्वरम जोरात सुरू. आम्ही जवळून जायला लागलो आणि मागे ट्रेलरमध्ये धाडधाड आवाज सुरू झाला. मला वाटलं चाकच निखळलं. मुलीने ओरडून गाडी थांबवायला लावली आणि धावत मागे गेली. घोडी पुढच्या पायाने ट्रेलरचा तळ बडवत होती, कान टवकारून, हॉलकडे तोंड करून. घाबरली-बिबरली अजिबात नव्हती. तिला उतरायचं होतं.

मुलगी परत येऊन बसली ती पांढरीफटक पडलेली. "अप्पा," ती हळूच म्हणाली, "ट्रेलरमधून आपण हिला लग्नाशिवाय कुठे नेलंय का कधी?"

हे आधी विचारात पडले आणि मग म्हणाले, "डॉक्टरकडे?"

"डॉक्टर बागेत येतात."

मला तेव्हा अर्थ कळला. बागेत ही घोडी मुलीची होती. पण ट्रेलरमधून उतरली की समोर नादस्वरम, तविलचा ठेका, माणसं, आणि हळूहळू चालणं. तिच्या समजुतीने आजही कुणाचं तरी लग्न होतं.

मिलवाल्याचं मैदान म्हणजे कापणी झालेलं, दाबून सपाट केलेलं शेत, कडेने चुन्याची रेघ. सर तिथे खुर्ची टाकून बसलेले. उंच, वाळलेला माणूस, डोक्यावर टोपी, बोलणं बेताचं. त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, "सुरू कर, आधी चाल, मग दुडकी." मुलगी वर बसली आणि घोडीने चालायला सुरुवात केली.

काय चालली म्हणून सांगू! मान धनुष्यासारखी वाकवलेली, एकेक पाऊल उचलून क्षणभर हवेत धरायचं आणि मग हलकेच टेकवायचं. थोडं चालली की थांबायची. चारही पाय सरळ, अगदी फोटोग्राफरने सांगावं तशी. समोर फोटोग्राफर नाही हे लक्षात आलं की पुन्हा चालायला लागायची. मुलगी तिला दुडकीला लावायला बघत होती. टाच लावली, लगाम सैल सोडला, पाठीवर हात फिरवला, कानाशी बोलली. घोडीने कान मागे वळवून सगळं ऐकून घेतलं आणि चाल आणखीच संथ केली. लग्नात नवरदेव घाबरून टाचा मारतो ना, तेव्हा हळू व्हायचं हे ती शिकलेली.

माझा नवरा माझ्या कानाशी लागला, "काय रुबाब आहे बघ."

"गप्प बसा," मी म्हटलं.

"सर बघतायत बघ कसे."

"अहो, गप्प बसा म्हणते ना!"

मुलीच्या पाठीवर घामाने सदरा चिकटला होता. पण आवाज चढला नाही तिचा. पुन्हा पहिल्यापासून. गोल फेरी, सरळ रेघ, टाच, थांबणं, कौतुकाची थाप, पुन्हा टाच. एकदा घोडी खरंच दुडकली, चारदोन पावलं. मुलीचा चेहरा उजळला. नेमकी हीच वेळ माझ्या नवऱ्याला पाहुणचार आठवायला सापडली. "अगं, सरांना कॉफी! मिलवाल्यांच्या घरून आलीय, नेऊन दे, थंड होतेय." माझ्या हातात त्यांनी तबक दिलं. तबकात कॉफीचा पितळी डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेला, आणि कडेला मिलवाल्याच्या बायकोने आदराने ठेवलेली दोन केळी.

मी नको म्हणायला हवं होतं, पण तबक हातात आलेलं. मी मैदानाच्या कडेने सरांकडे निघाले. घोडीने मला पाहिलं. कांजीवरम नेसलेली बाई, हातात तबक, तबकात केळी. लग्नाच्या दारात याहून वेगळं ती काय बघत आली होती? दुडकी सोडून ती सरळ माझ्याकडे आली, चुन्याची रेघ ओलांडली, माझ्यासमोर येऊन चारही पायांवर सरळ उभी राहिली आणि ओवाळून घ्यायला मान खाली घातली. मुलगी वर बसून होती. तिने लगाम ओढला नाही. तिने डोळे मिटून घेतले.

मी सवाष्ण बाई, घोडी मान वाकवून उभी. मेलं काय करावं? मी केळं तिला दिलं. आणखी काय करणार होते?

सर उठून आले. त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला, पाय चाचपले, तोंडात बघितलं. मुलीला खाली उतरवून ते मिलवाल्याच्या एका काळ्या घोड्यावर बसवून घेऊन गेले आणि बराच वेळ तिला फिरवत राहिले. तो घोडा तिला ओळखतही नव्हता, पण थोड्या वेळाने तिच्यासाठी दुडकायला, वळायला लागला. मी मैदानाच्या कडेला घोडीचा दोर धरून उभी होते, कारण बाकी कुणाला तो धरायचं सुचलं नव्हतं. घोडीने माझ्या पदराला तोंड पुसलं.

परत आल्यावर सर माझ्या नवऱ्याशी तमिळमध्ये बोलले, अगदी सरळ. घोडी चांगली आहे, म्हणाले, पण तिला दोन कामं शिकवलीत आणि तिला दुसरंच, मिरवणुकीचं, आवडतं. हे मोडायला फार दिवस लागतील आणि तिचं वय आता निघून चाललंय. घोडी मी नेणार नाही. मग ते मुलीकडे वळले. "असल्या घोड्यावर कुणीही चाबूक उगारला असता. तू आवाजही चढवला नाहीस. तुला यायचं असेल तर ये. घोडे माझ्याकडे आहेत."

"येते, सर," मुलगी म्हणाली.

इतक्या पटकन! मी बघतच राहिले. घोडीकडे तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. हीच मुलगी घोडीचं पोट दुखलं होतं तेव्हा जेवणाचं ताट घेऊन तिच्याशेजारी गवतावर जाऊन बसली होती. हीच मुलगी घरी येऊन आमच्याशी चार शब्द धड बोलायची नाही आणि घोडीशी तासन् तास गप्पा मारायची. आणि आता, घोडे त्यांच्याकडे आहेत म्हटल्याबरोबर 'येते, सर'! मला राग आला. माझी पोटची पोर, तिला हवं ते मिळालं होतं, मी आनंदाने नाचायला हवं होतं, आणि मी मात्र एका जनावराच्या वतीने जळफळत होते. उद्या ही आम्हालाही अशीच सोडून जाईल, वळूनसुद्धा बघणार नाही, असंच सारखं मनात येत होतं.

तिचे वडील हवेत तरंगत होते. "सिलेक्शन झालं! तिथल्या तिथे सिलेक्शन!" सरांचे दोन्ही हात हातात घेऊन ते आपल्या मूळ पुरुषाची हकिगत सांगायला लागले. सरांनी ती ऐकून घेतली. लष्करातली माणसं सोशीक असतात.

निघायची वेळ झाली. म्हातारा घोडा या वेळी आपण होऊन आत चढला, घरी जायचंय हे त्याला कळलं होतं. घोडी माझ्याजवळ उभी होती. मुलगी ट्रेलरच्या बाजूला पाठमोरी उभी राहून पायांच्या पट्ट्या गुंडाळत होती. गुंडाळून झालेली पट्टी सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

"चल, घे हिला आत," मी दोर पुढे केला. आवाजात धार होती, ती मी लपवलीही नाही. "शेवटचं काम म्हणून तरी कर."

ती वळली नाही. "अम्मा, तू ने."

"मी? मी कधी नेलंय हिला?"

"तुझ्यामागून येईल ती. केळं दिलंयस तू तिला."

"अगं पण तुझी घोडी ना ही? एवढं झालं का परकं?"

ती वळली तेव्हा तिचं तोंड बघून मी पुढे केलेला दोर मागे घेतला.

"अम्मा, मी तिला घेऊन आत गेले ना, तर मला बाहेर येता येणार नाही," ती म्हणाली. "मग मी सरांना नाही सांगेन. म्हणून तू ने. प्लीज."

मी दोर मनगटाला गुंडाळला आणि फळीवर पाय ठेवला. आयुष्यात कधी घोड्याला ओढून नेलं नव्हतं, आणि खरं तर ओढावं लागलंच नाही. घोडी माझ्यामागून टकटक आत आली, म्हाताऱ्याशेजारी उभी राहिली आणि तिने तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं. मी अजून आतच होते, तोवर मागून फळी वर आली आणि आतला उजेड गेला. मग बाहेरून मुलगी कडी लावायला लागली, आणि ती कडी तिच्या हातून बसेना, बराच वेळ नुसतीच वाजत राहिली.